चौथा देश

टीव्हीवर फुटबॉल लागला की आमची ही आधी माझ्याकडे बघते आणि मग मुलीला म्हणते, "चॅनल बदल गं. आता हे सरांवर येतील." तिचं चुकत नाही. मी सरांवर येतोच. ज्या माणसानं माझे इतके हिवाळे नासवले, त्याच्यावर यायचं नाही तर कोणावर यायचं?

आमच्या शाळेत सर सगळेच होते. मी भूगोलाचा सर होतो. पण आम्हा बाकीच्यांना ओळखायला पुढं आडनाव लावावं लागायचं. नुसतं 'सर' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढं यायचा, पी.टी.चा. उंच, खांद्यात वाकलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी ते झोपतानाही काढत नसत. लग्नात तरी काढली होती का, असं मी एकदा त्यांच्या बायकोला विचारलं. काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लगनात नव्हती बापा. असती तर मी मांडवातूनच वापस गेली असती."

शिट्टी फक्त मैदानावर वाजली असती तर माझी तक्रार नव्हती. स्टाफ मीटिंगमध्ये एक बोलत असताना दुसरा बोलला की वाजे. एकदा एका तेराव्याच्या पंगतीत वाढप्यानं एक पान सोडलं आणि तो पुढं गेला. सरांनी शिट्टी मारली, हात वर केला आणि म्हणाले, "मांगं या. हे पान राह्यलं." वाढपी इतका दचकला की बादलीतलं वरण माझ्या मांडीवर आलं. तेराव्याचं जेवण, ओरडताही येईना. सर मला म्हणाले, "जागा सोडून बसले होते तुम्ही." म्हणजे फाउल माझाच.

तर फुटबॉल. आमचं गाव सुलतानपूरच्या अलीकडे. इथं कबड्डी होती, व्हॉलीबॉल होता, गल्लीबोळात क्रिकेट तर होतंच. फुटबॉल कोणालाच येत नव्हता. पण सरांच्या डोक्यात लहानपणी एक किडा शिरला होता आणि तो काही केल्या बाहेर निघत नव्हता.

त्यांचे वडील रेल्वेत, मलकापूरला. पासवर त्यांनी पोराला एकदा कलकत्त्याला नेलं. त्या काळी चार शेजारी देशांच्या टीम दरसाल एकमेकांशी फुटबॉल खेळायच्या. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन. त्यातला एक सामना सरांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला. मी विचारायचो, "कोण जिंकलं?" तर म्हणायचे, "ते लक्षात नाही." "गोल कोणी मारला?" "ते बी नाही." "मग लक्षात काय आहे?" तर म्हणे, पाकिस्तानचा गोलकीपर कुंपणापाशी आला, पाणी मागितलं, वडिलांनी फिरकीचा तांब्या दिला, तो घटाघटा पाणी प्यायला आणि तांब्या परत देऊन आपल्या जागेवर गेला. बस. एवढंच. एवढ्या भांडवलावर हा माणूस सबंध तालुका वेठीला धरत होता.

बरं, ब्रह्मदेशाचं म्यानमार झालं, सिलोनचं श्रीलंका झालं, हे त्यांना मान्यच नव्हतं. पोरं माझ्या पेपरात सिलोन लिहायची, मी मार्क कापायचो आणि दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आत सर माझ्या दारात.

"पोट्टे बराबर लिहून राह्यले. तुम्ही काऊन मार्क कापले?"

"सर, नाव बदललं."

"कोणाले विचारून?"

माझी भूगोलाची पदवी भिंतीवर टांगलेली होती. तिच्याकडे बघत मी चहा टाकायला सांगत असे.

स्पर्धा अशी. आसपासच्या चार टीम बोलवायच्या, चार चिठ्ठ्या सरांच्या टोपीत टाकायच्या, आणि जी चिठ्ठी निघेल त्या देशाच्या नावानं खेळायचं. कल्पना सोपी होती. टोपीतून पाकिस्तानची चिठ्ठी निघेपर्यंतच सोपी होती.

पहिल्या वर्षी पाकिस्तान निघालं सुलतानपूरच्या पोरांना. त्यांनी चिठ्ठी वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि ज्या टेम्पोतून आले होते त्याच टेम्पोत जाऊन बसले. सर टेम्पोच्या मागं चालत गेले. "अबे, नाव हाय नुसतं. नावानं काय भोक पडते काय?" टेम्पोतून एक जण म्हणाला, "सर, सासुरवाडी याच गावात हाय माही. इथं पाकिस्तान झालो तर सारा जनम ऐकाव लागन." गेले. स्पर्धा तीन देशांची झाली.

दुसऱ्या वर्षी चिठ्ठी आमच्याच गावच्या पोरांना निघाली. त्यांचे बाप मैदानावर आले. पुन्हा तीन देश.

तिसऱ्या वर्षी निघाली रफिकभाईंच्या टीमला. रफिकभाई पिंजारी, गावातल्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या. मोहल्ल्यातल्या पोरांची टीम त्यांनी बांधली होती आणि खरं सांगायचं तर फुटबॉल म्हणण्यासारखं जे काही व्हायचं ते त्यांचीच टीम खेळायची. रफिकभाईंनी चिठ्ठी उघडली, पुन्हा घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"सर, दुसऱ्या कोणाले निघाली असती तर मी त्याले समजावलं असतं. आमचं तसं नाही. जिंकलो तरी म्हणतील पाहा, अन् हारलो तरी म्हणतील पाहा."

सरांनी चिठ्ठी खिशात टाकली. मी त्यांना वाद न घालता चालू लागलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी तोडगा काढला. चांगला माणूस, भांडण नको इतकंच त्यांना हवं असे. म्हणाले, "कटकट कशाला? मोहल्ल्याच्या टीमलाच कायमचं पाकिस्तान देऊन टाका. समजावू आपण त्यांना." सरांनी हेडसरांच्या केबिनमध्ये, हेडसरांच्या तोंडासमोर शिट्टी मारली. सबंध शाळा बाहेर आली. पोरांना वाटलं सुट्टी झाली. दोन वर्ग तर घरीही गेले.

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी," सर म्हणाले. "ते इथं राह्यतात. वाटून देणारे आपण कोण?"

मी म्हटलं, "मग पाकिस्तान गाळू या. तीन तर तीन. नाही तर चौथा नेपाळ घ्या. नेपाळला कोणाचीच हरकत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भूगोल सोडून द्यावा. "शेजारी निवडता येते काय, गुरुजी?" एवढं म्हणून गेले. दरसाल चौथा देश यायचा, चिठ्ठी बघायचा आणि निघून जायचा. दरसाल माझी दिवाळीची सुट्टी त्या स्पर्धेची पत्रं वाटत सायकलवर जायची.

आता पऱ्हाटीचं, म्हणजे आमच्याकडच्या कपाशीचं, सांगतो. त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

तेव्हा बीटी, म्हणजे बोंडअळीला दाद न देणारं बियाणं, नवीनच आलं होतं. बीटी सरकीच्या प्रत्येक पाकिटात साध्या सरकीची एक लहान पुडी यायची. ती वावराच्या कडेनं पेरायची, म्हणजे अळीला राहायला जागा मिळते, ती लवकर निर्ढावत नाही आणि मधलं पीक टिकतं, असं आतल्या कागदावर लिहिलेलं असे. वाचतो कोण? लोक पुडी धुऱ्या-बांधावर फेकून द्यायचे. ज्या अळीसाठी एवढं महाग बियाणं आणलं, तिलाच घर कशाला बांधून द्यायचं? गावाचं हे तर्कशास्त्र मलाही पटलं होतं.

सर सायकलवर फिरून त्या पुड्या गोळा करायला लागले. आम्हाला वाटलं, निवृत्ती जवळ आली, माणूस शेतीला लागला. तर ऐन मृगात त्यांनी मैदानावर दोरी धरली (दुसरं टोक माझ्या हातात) आणि मैदानाच्या चारी बाजूंनी रेषेवर ती सरकी टोबली.

"चुना दर साली मागाव लागते, अन् हेडसर देत नाहीत," ते म्हणाले. "पऱ्हाटी सोताहून उभी राह्यते."

राहिली. स्पर्धेच्या वेळी मैदानाच्या चारी बाजूंना कमरेएवढी पऱ्हाटी, पांढरीशुभ्र फुटलेली. बॉल पऱ्हाटीत गेला की बाहेर. मी लाइन्समन, म्हणून मी झेंडा घेऊन पऱ्हाटीत उभा. बोंडांचे काटे पँटीतून टोचायचे, आणि गावातल्या झाडून सगळ्या बोंडअळ्या तिथं मुक्कामाला आलेल्या. घरी गेलो की ही मला अंगणातच उभं करायची आणि झाडायची.

शेतकरी भांडायला आले. "सर, अळ्यायची शाळा काढली काय तुम्ही?"

"पुडीतला कागद वाचला काय?" सर म्हणाले. "कडेले कोणी दुसरा राह्यला, तरच मंधातलं राह्यते."

कोणाला काही कळलं नाही. मला थोडं कळलं, पण अळ्या माझ्या पँटीवर होत्या.

मग सरांचं शेवटचं वर्ष आलं. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. हेडसरांनी स्पष्ट सांगितलं, या वर्षी भांडण झालं किंवा टीम निघून गेली तर ही स्पर्धा शाळेच्या मैदानावर पुन्हा होणार नाही. पऱ्हाटी उपटायची आणि मैदान व्हॉलीबॉलला द्यायचं. सर 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'ची मला भीती वाटली. चारही देश शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदानावर राहायला हवे होते, आणि त्यांच्यापाशी ही एकच खेप उरली होती.

त्यात ते साल वाईट. पाऊस मध्येच दडी मारून बसला आणि गावची पऱ्हाटी लाल पडली. ज्यांनी घरचं सगळं लावून बीटी पेरली होती, ते दिवसभर पारावर बसायचे आणि किसनसेठचं दुकान दिसलं की थुंकायचे. किसनसेठ म्हणजे आमच्या गावचे बी-खतवाले. सगळ्यांना बियाणं त्यांनीच दिलं होतं, 'डोळे मिटून पेरा' असं सांगून. लग्नात त्यांच्या शेजारी कोणी बसेना. न्हाव्यानं दाढी करायचं टाळलं.

सर त्यांच्याकडे गेले ते टी-शर्ट मागायला. बियाण्याच्या कंपन्या तेव्हा टी-शर्ट फुकट वाटायच्या. सोबत मी होतोच.

किसनसेठ रिकाम्या दुकानात माश्या मारत होते. म्हणाले, "टी-शर्ट घ्या. अन् सर, चौथी टीम मिळाली काय?"

"नाही."

"मंग आमची घ्या. तालुक्यातले दुकानदार हाओ आम्ही. सारेच रिकामे बसलो. पाकिस्तान द्या आम्हाले."

मला वाटलं, सुटलो. मी त्यांचा हात धरणार होतो.

"तुम्हाले चालते?" सरांनी विचारलं.

"गाव तसंबी बोलत नाही माझ्याशी. पाकिस्तान तं पाकिस्तान. निदान पाहाले तरी येतील लोक."

कोणीही शहाणा माणूस इथं 'हो' म्हणाला असता. सर म्हणाले, "असं मागून देता येत नाही. चिठ्ठी निघाव लागते."

मी त्या दिवशी त्यांच्याशी अबोला धरला. तो त्यांच्या लक्षातही आला नाही. रोज सकाळी येत, चहा घेत, चिठ्ठीच्या दोन्ही बाजू स्वतःच मांडत आणि जात. आठवडाभरानं म्हणाले, "पाहुणा आपण होऊन पाटावर बसला तर त्याले उठवता येत नाही. चिठ्ठ्या उरलेल्या तिघांच्याच टाकू." हे मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं.

टी-शर्टांची वेगळीच गंमत. बियाण्याच्या जाहिराती, त्यामुळे झाडून सगळे हिरवे. छातीवर अळीचं चित्र आणि तिच्यावर फुली. चारही देश हिरवे. शेवटी भारतानं डोक्याला रुमाल बांधले, सिलोननं शर्ट उलटे घातले आणि ब्रह्मदेशानं बनियनवर खेळायचं ठरवलं. पाकिस्तान तेवढं जसंच्या तसं हिरवं राहिलं.

भारताची चिठ्ठी रफिकभाईंना निघाली. ती वाचून ते म्हणाले, "आता कोणी काही म्हणालं तं सांगा." आणि पहिलाच सामना लागला भारत-पाकिस्तान, म्हणजे मोहल्ला आणि दुकानदार.

सबंध गाव लोटलं. फुटबॉलसाठी नाही. दुकानदारांना मनसोक्त शिव्या द्यायची सोय इतकी अधिकृत पुन्हा मिळणार नव्हती. किसनसेठ गोलकीपर, हातात फवारणीचे रबरी हातमोजे. ते नुसते हलले तरी लोक ओरडायचे, "बोगस." त्यांनी बॉल अडवला तरी "बोगस." मी त्यांच्याच गोलच्या कोपऱ्यात, पऱ्हाटीत, झेंडा घेऊन. खोटं कशाला सांगू, मलाही मजा येत होती.

हाफटाइमनंतर थोड्याच वेळात गजानन मैदानात शिरला. गजानन आमच्या गावचाच शेतकरी, सरांचा जुना विद्यार्थी, शांत माणूस. त्याच्या वावरात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. सामना चालू असताना तो सरळ चालत गोलपाशी आला आणि किसनसेठच्या समोर उभा राहिला.

"बॉल मंग अडवजो. माही पऱ्हाटी लाल काऊन पडली ते सांग."

"गजाननभाऊ, मॅच चालू हाय."

"माहं वावर बी चालूच होतं."

सरांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. गजाननला बाहेर काढतील म्हणून मी पुढं झालो, तर मलाच म्हणाले, "विचारू द्या त्याले."

किसनसेठ म्हणाले, "कंपनीचा माणूस सांगून गेला तसंच म्या तुले सांगतलं. माह्या वावरात बी तेच पेरलं. जाऊन पाह्य, तुह्यापेक्षा लाल हाय."

यावर गजानन काही बोलला असता. पण गर्दीतून कोणी तरी "बोगस" म्हणालं आणि मग सगळेच म्हणायला लागले. किसनसेठनी हातमोजे काढले, गोलमध्ये जमिनीवर ठेवले आणि पऱ्हाटीतून वाट काढत बाहेर पडले. त्यांच्या टीमचे बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. एक जण चप्पल शोधायलाही लागला. तिकडे हेडसर खुर्चीवरून उठून पँट झटकत होते.

मी सरांकडे पाहिलं. शिट्टी तोंडात होती पण ते ती वाजवत नव्हते. माझ्या मनात आलं ते अगदी हलकट होतं. मनात आलं, झालं, पुन्हा तीन, आणि आता आम्ही सुटलो.

सर किसनसेठच्या मागं गेले नाहीत. ते गजाननपाशी गेले.

"माणूस तू घालवला. त्याची जागा तू भर."

"म्या?" गजानन म्हणाला. "पाकिस्तानात?"

"मंग त्याले वापस आण."

"त्याले मी आणत नाही."

"मंग हातमोजे घाल. तुह्यापायी दहा जण कायले घरी पाठवू?"

"सर, मले खेळता येत नाही."

"त्याले तरी कुठं येत होतं?"

गजाननानं इकडं तिकडं पाहिलं. मग वाकून हातमोजे उचलले आणि घातले. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला आणि गोलमध्ये उभा राहिला. पाठीमागून एक पोरगा म्हणाला, "गज्या पाकिस्तान झाला बे." थोडे जण हसले. पण 'बोगस' म्हणायला कोणाचं तोंड उघडेना. त्याचं वावर सगळ्यांनी पाहिलं होतं. चप्पल शोधणारा दुकानदार चप्पल तिथंच टाकून जागेवर आला. त्याच्यामागं बाकीचे आले. हेडसर पुन्हा बसले. सरांनी शिट्टी मारली.

खेळ सुरू होतो न होतो तोच एका दुकानदारानं गोलपुढं बॉल हातानं अडवला. दुसरा कोणीही रेफरी असता तर त्यानं त्या क्षणी डोळेझाक केली असती. एवढ्या कष्टानं टिकवलेला सामना. सरांनी पेनल्टी दिली. मी कपाळाला झेंडा लावला.

रफिकभाईंनी बॉल ठेवला. मैदान शांत झालं. तेव्हा मला शेजारी पऱ्हाटीत सळसळ ऐकू आली. किसनसेठ गेलेच नव्हते. गोलच्या मागं पऱ्हाटीत उभे होते, अंगभर कापूस चिकटलेला. ते गजाननच्या पाठीकडे बघत हळूच म्हणाले, "डावीकडं सरक. रफिकभाई डावीकडंच मारते."

गजाननानं मान वळवली नाही. "पेरायच्या वक्ती बी तूच सांगतलं होतं," तो म्हणाला.

पण मी तिथंच होतो, मी पाहिलं. त्याचा पाय डावीकडं सरकला.

रफिकभाईंनी उजवीकडं मारला.

गोल झाला. आणि सबंध मैदान गजानन काय करतो ते बघत राहिलं. तो पऱ्हाटीत शिरला, बॉल काढला, किसनसेठच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. किसनसेठनी खाली पाहिलं. मला वाटलं, आता हा बॉल त्यांच्या तोंडावर बसतो.

"आता पुढचं सांग," गजानन म्हणाला आणि त्यानं बॉल मैदानात टाकला.

सर मधल्या रेषेवर जाऊन उभे राहिले. गोल खाल्लेल्या टीमनं मधून खेळ सुरू करायचा असतो. आमच्या मैदानावर त्या देशाला हे सांगायची वेळ त्यांच्यावर इतक्या वर्षांत कधी आली नव्हती.

"पाकिस्तान, सेंटर घ्या," सर म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं होतं, दुकानदार बॉल घेऊन येतही होते. तरी सर पुन्हा एकदा म्हणाले.